पाठीराख्याची तक्रार आणि वृत्तपत्राचा न्याय

कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर दोन मातबर तालमींचा सामना झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी एकच वृत्तपत्र दोन पेठांत दोन निरनिराळ्या रीतींनी वाचले जाते, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. हरलेल्या पेठेला वाटते की पंचाची ढळढळीत चूक वार्ताहराने झाकून नेली. जिंकलेल्या पेठेला वाटते की एवढ्या मोठ्या विजयाचे वर्णन हात आखडून केले आहे. छायाचित्र कोणाचे छापले, मथळ्यात नाव कोणाचे आधी आले, आपल्या गोलाला ‘अप्रतिम’ म्हटले की ‘बचावफळीच्या चुकीमुळे झालेला’ म्हटले, याचा हिशेब चहाच्या टपरीवर मांडला जातो. निकाल मात्र हिशेबापूर्वीच ठरलेला असतो: हे वृत्तपत्र आपल्याविरुद्ध आहे.

ही तक्रार एकट्या कोल्हापूरची नाही. कोलकात्यात मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचे पाठीराखे पिढ्यान्‌पिढ्या ती करीत आले आहेत. मोबाईलवर युरोपातील सामने पाहणारी आणि मँचेस्टर वा बार्सिलोना येथील क्लबांवर जीव टाकणारी आपल्याकडील महाविद्यालयीन मुलेही समालोचकांविषयी हीच तक्रार करतात. शहाणीसुरती माणसे ती हसण्यावारी नेतात. खेळ तो खेळ, त्याविषयी कोणी काय लिहिले याला एवढे महत्त्व कशाला, असे त्यांचे म्हणणे असते. प्रस्तुत लेखकाला मात्र ही तक्रार इतकी किरकोळ वाटत नाही. तिच्यात एक भाग दृष्टिभ्रमाचा आहे आणि एक भाग निखळ सत्याचा आहे. हे दोन भाग वेगळे करता न आल्यामुळे खरी तक्रार खोट्या तक्रारींच्या गर्दीत चिरडली जाते, आणि त्याची किंमत कधी कधी फार मोठी मोजावी लागते.

तालीम आणि पेठ

पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या माणसाला कोल्हापूर ऐकून माहीत असते ते ऊस, गूळ आणि सहकार यांमुळे. तेथील फुटबॉलची वार्ता सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत सहसा येत नाही. म्हणून थोडी पार्श्वभूमी सांगणे अवश्य आहे.

कोल्हापूर ही मल्लांची नगरी. तेथील तालमी मूळच्या कुस्तीच्या आणि व्यायामाच्या. संस्थानी काळात फुटबॉल तेथे रुजला आणि तालमींनी तो आपलासा केला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे तेथे घराघरांत ठाऊक असतात. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या छत्राखाली या संघांचे सामने होतात आणि शिवाजी पेठ व मंगळवार पेठ यांच्यातील जुनी ईर्ष्या मैदानावर उतरते. मुंबई-पुण्यातील क्लब व्यापारी कंपन्यांनी काढले आणि त्यांनीच बंद केले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले, तरी २०१० मध्ये तो संघ मोडला गेला. पुणे सिटी हा संघ २०१९ मध्ये विसर्जित झाला. कोल्हापूरच्या तालमींचे तसे होत नाही, कारण त्यांचा मालक म्हणजे अख्खी पेठ. गणेशोत्सवात वर्गणी देणारा, आखाड्यात माती उडविणारा आणि सामन्याच्या दिवशी दुकान लवकर बंद करणारा माणूस तेथे एकच असतो.

अशा माणसाच्या दृष्टीने संघाविषयीची बातमी ही स्वतःच्या घराविषयीची बातमी असते. शेजाऱ्याच्या मुलाचे गुण कमी छापले गेले तर आपण ते छपाईची चूक समजून सोडून देतो. आपल्या मुलाचे कमी छापले गेले तर थेट कार्यालय गाठतो. पाठीराख्याचा संताप समजून घ्यायचा असेल तर ही तुलना ध्यानात ठेवली पाहिजे.

दुसऱ्या बाजूला वार्ताहराचीही अडचण आहे. नव्वद मिनिटांचा खेळ, बावीस खेळाडू, दोन-तीन वादाचे प्रसंग आणि हाती जागा दोनशे शब्दांची. त्याला निवड करावीच लागते. तो जे गाळतो ते कोणाच्या तरी जिव्हाळ्याचे असतेच. निवड करणे हा काही गुन्हा नव्हे. निवडीत सातत्याने एकाच बाजूचे गाळले जाते काय, हा खरा प्रश्न आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यास सर्वांत अपात्र माणूस म्हणजे, दुर्दैवाने, स्वतः पाठीराखा होय. यात त्याच्या प्रामाणिकपणाचा काही दोष नाही. माणसाचे डोळेच तशा रीतीने काम करतात.

एक सामना, दोन दृश्ये

नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठीय संस्थांमध्ये एक सामना झाला. खेळ तिकडच्या पद्धतीचा, चेंडू हातात घेऊन धावण्याचा फुटबॉल. सामना अतिशय धसमुसळा झाला. प्रिन्स्टनच्या प्रमुख खेळाडूचे नाक मोडले, डार्टमथच्या एका खेळाडूचा पाय मोडला. पुढे कित्येक दिवस दोन्ही ठिकाणची विद्यार्थी-वृत्तपत्रे एकमेकांवर आरोप करीत राहिली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी त्या सामन्याचा एकच चित्रपट दोन्ही संस्थांतील विद्यार्थ्यांना दाखविला आणि नियमभंग मोजावयास सांगितले. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या संघाचे सरासरी ९.८ नियमभंग दिसले. डार्टमथच्या मुलांना आपल्या संघाचे दिसले अवघे ४.३. चित्रपट तोच, पडदा तोच, मोजणारेही सुशिक्षित तरुण. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की प्रेक्षक एकच सामना पाहत नाहीत. प्रत्येक बाजू आपापला सामना पाहते.

त्यानंतर तीन दशकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात व्हॅलोन, रॉस आणि लेपर या संशोधकांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९८२ मध्ये बेरूतमध्ये झालेल्या हत्याकांडाविषयीच्या दूरचित्रवाणीवरील बातम्या त्यांनी इस्राएलच्या बाजूच्या आणि अरबांच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना दाखविल्या. दोन्ही गटांनी त्याच बातम्या आपल्याविरुद्ध पक्षपाती असल्याचे सांगितले. विशेष म्हणजे ज्यांना विषयाची माहिती अधिक होती त्यांना पक्षपातही अधिक दिसला. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. आपण समजतो की जाणकार माणूस तटस्थ असतो. येथे अनुभव उलटा आला. ज्याला आपल्या बाजूचे दहा मुद्दे पाठ असतात त्याला बातमीत त्यांपैकी आठ गाळलेले दिसतात. ज्याला दोनच ठाऊक असतात तो समाधानी राहतो.

आपल्याकडील ताजे उदाहरण ३ मार्च २०२३ चे आहे. बंगळूरच्या कंठीरव मैदानावर बंगळूर आणि केरळ ब्लास्टर्स यांचा बाद फेरीचा सामना जादा वेळेत गेला होता. केरळच्या खेळाडूंनी बचावाची भिंत उभी करण्यापूर्वीच सुनील छेत्री याने फ्री किक घेऊन गोल केला आणि पंचांनी तो ग्राह्य धरला. केरळच्या प्रशिक्षकांनी संघ मैदानाबाहेर नेला. पुढे क्लबला चार कोटी रुपयांचा दंड झाला आणि प्रशिक्षकांवर दहा सामन्यांची बंदी आली. गोल सर्वांच्या डोळ्यांदेखत झाला होता, पडद्यावर शंभर वेळा दाखविला गेला, तरी दोन राज्यांतील पाठीराख्यांचे त्यावर एकमत झाले नाही. केरळच्या चाहत्यांना त्यात ढळढळीत अन्याय दिसला, बंगळूरच्या चाहत्यांना एका अनुभवी खेळाडूचे प्रसंगावधान दिसले.

तेव्हा एवढे मान्य केले पाहिजे की ‘मला पक्षपात दिसला’ हा पक्षपाताचा पुरावा होऊ शकत नाही. पण याच अभ्यासांचा आधार घेऊन वृत्तपत्रांनी हात झटकावेत हेही योग्य नाही. ‘दोन्ही बाजू आम्हांला शिव्या देतात, म्हणजेच आम्ही बरोबर आहोत’ असे समाधान संपादकीय खोल्यांत नेहमी ऐकू येते. हे समाधान फसवे आहे. दोन्ही बाजूंनी निषेध केला म्हणून न्यायाधीशाचा निकाल योग्य ठरत नाही. तो पुराव्याने ठरतो. दोघांपैकी एकाची तक्रार भ्रामक आणि दुसऱ्याची खरी असू शकते. ती खरी असताना तिला भ्रम म्हणून झिडकारले तर काय होते, याचे एक भीषण उदाहरण इंग्लंडमध्ये घडले आहे.

तक्रार खरी होती तेव्हा

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांच्यात एफ. ए. कप स्पर्धेचा उपांत्य सामना होता. प्रवेशद्वाराशी गर्दी साचली. पोलिसांनी एक मोठे दार उघडले आणि माणसांचा लोंढा आधीच भरलेल्या, लोखंडी जाळ्यांनी बंदिस्त केलेल्या उभ्या प्रेक्षकांच्या भागात शिरला. त्या चेंगराचेंगरीत झालेल्या मृत्यूंची संख्या पुढे ९७ झाली. त्यांतील शेवटचा जखमी माणूस २०२१ मध्ये दगावला. दुर्घटनेनंतर चौथ्या दिवशी ‘द सन’ या लोकप्रिय दैनिकाने पहिल्या पानावर ‘सत्य’ अशा अर्थाच्या मथळ्याखाली बातमी छापली. लिव्हरपूलच्या चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले आणि मदत करणाऱ्या पोलिसांवर हल्ले केले, असे तिच्यात म्हटले होते. ही माहिती पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून वृत्तसंस्थेमार्फत आली होती. ती खोटी होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायमूर्ती टेलर यांच्या अंतरिम अहवालाने मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणातील अपयशाला दिला. तरीही १९९१ मध्ये मृत्युचौकशीचा निकाल ‘अपघाती मृत्यू’ असाच लागला. मृतांच्या नातेवाईकांनी हार मानली नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र समितीने साडेचार लाखांहून अधिक पृष्ठांची कागदपत्रे तपासली. पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार झाले होते आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर काढून टाकला किंवा बदलला गेला होता, असे तिला आढळले. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या चौकशीतील ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा कृत्यामुळे झाल्याचे आणि चाहत्यांच्या वागण्याचा त्यांत काहीही वाटा नसल्याचे सांगितले. मधल्या काळात लिव्हरपूल शहराने त्या दैनिकावर घातलेला बहिष्कार पिढी बदलली तरी उठला नाही. २०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने आणि त्यांचे परंपरागत प्रतिस्पर्धी असलेल्या एव्हर्टन क्लबनेही त्या दैनिकाच्या वार्ताहरांना आपली दारे बंद केली.

या प्रकरणातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली वृत्तपत्रांसाठी आहे. त्या खोट्या बातमीमागे एका क्लबविषयीचा द्वेषच होता असे मानण्याचे कारण नाही. सत्तेच्या जागेवरून आलेली माहिती न तपासता छापण्याची सवय तेवढ्याला पुरेशी झाली. पोलीस सांगतात ते खरे आणि गॅलरीतला पोरगा सांगतो ते खोटे, ही पूर्वधारणा कोणत्याही क्लबच्या वैरापेक्षा अधिक घातक आहे.

दुसरी गोष्ट पाठीराख्यांसाठी आहे आणि ती कडू आहे. हिल्सबरोच्या चार वर्षे आधी, २९ मे १९८५ रोजी, ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलच्या चाहत्यांनी प्रतिस्पर्ध्यांच्या भागावर चाल केली, एक भिंत कोसळली आणि ३९ माणसे मृत्युमुखी पडली. त्यात चाहत्यांचा दोष खरा होता. म्हणूनच चार वर्षांनी त्यांच्यावर केलेला खोटा आरोप इंग्लंडमधील लाखो वाचकांना सहज पटला. एका दिवशी काही जणांनी केलेल्या हिंसेने दुसऱ्या दिवशी सर्वांची साक्ष निकामी केली.

कोल्हापूरच्या तरुणांनी यावर विचार करावा. प्रेक्षकांतील हाणामाऱ्या आणि दगडफेक यांमुळे तेथे सामने थांबविण्याची पाळी आलेली आहे. असे झाले की हजारोंच्या शांत गर्दीची बातमी होत नाही, पन्नास दगड मारणाऱ्यांची होते, अशी पेठांची तक्रार असते. ती अगदी निराधार नाही. परंतु जो दगड मारतो तो केवळ प्रतिस्पर्ध्याला मारीत नाही. उद्या आपल्या पेठेवर खरोखरच अन्याय झाला तर तिच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवू नये, अशी तजवीज तो करून ठेवतो. गर्दी आणि मृत्यू यांचे नाते आपल्या देशालाही नवे नाही. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्यात १६ प्रेक्षक प्राणास मुकले. तो दिवस तेथे फुटबॉलप्रेमी दिन म्हणून पाळला जातो.

मौनाचा पक्षपात

येथवर आपण जे छापले जाते त्याचा विचार केला. वृत्तपत्राचा मोठा पक्षपात जे छापलेच जात नाही त्यात असतो. विशेषणांवरून भांडणारा पाठीराखा नेमका येथेच चुकतो. आपल्या गोलाला ‘अप्रतिम’ म्हटले नाही म्हणून तो संतापतो, आणि त्याच्या खेळाला वर्षातून किती रकाने मिळाले याची मोजदाद कधी करीत नाही.

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा या मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणाऱ्या खेळाडूने केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. भारत त्या स्पर्धेत चौथा आला. आपल्या शाळांत किती मुलांना हे नाव ठाऊक आहे? १९७१ मधील वाडेकर-गावसकरांच्या पराक्रमाची गोष्ट मराठी घरांत आजोबा नातवाला सांगतात, आणि ते योग्यच आहे. नेव्हिलची गोष्ट सांगणारे आजोबा मिळत नाहीत, कारण त्यांच्या सकाळच्या अंकाने ती त्यांना वारंवार सांगितली नाही.

यावर क्रीडा संपादकांचे ठरलेले उत्तर असते की वाचकांना क्रिकेट हवे असते, आम्ही देतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. जून २०१८ मध्ये मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारताचा तैवानशी सामना झाला. भारताने तो ५-० असा जिंकला आणि छेत्रीने तीन गोल केले. प्रेक्षक होते २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने एका चित्रफितीतून लोकांना हात जोडून विनंती केली की हवी तर आमच्यावर टीका करा, पण मैदानावर या. ती विनंती सगळीकडे पसरली, आणि ४ जूनच्या केनियाविरुद्धच्या सामन्याची सर्व तिकिटे संपली. तीन दिवसांत मुंबईकरांची आवड बदलली नव्हती. सामना आहे, तो पाहण्यासारखा आहे आणि आपली तेथे गरज आहे, एवढेच त्यांना कळले होते. वाचकाला काय हवे हे काही अंशी त्याला काय कळविले जाते यावर अवलंबून असते.

मौनाला कधी कधी पैशाचेही कारण असते. २०१४ मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचे सामने ज्या वाहिनीवरून दाखविले जात, त्या वाहिनीच्या कंपनीचा लीग चालविणाऱ्या कंपनीतही हिस्सा होता. त्याच वेळी आय-लीग नावाची जुनी राष्ट्रीय लीग चालू होती. २०१६ मध्ये नव्या रचनेच्या निषेधार्थ गोव्याच्या धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या नामांकित क्लबांनी तिच्यातून अंग काढून घेतले. त्यामुळे रिकाम्या झालेल्या जागेवर, आदल्या वर्षी खालच्या श्रेणीत ढकलला गेलेला मिझोरममधील ऐझॉल हा छोटा क्लब परत आला, आणि २०१६-१७ च्या हंगामात मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून अजिंक्य ठरला. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, जे त्यापूर्वी अनेक वर्षे मुंबई एफ. सी. या संघाचे प्रशिक्षक होते. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. देशाच्या कडेच्या एका डोंगरी राज्यातील क्लबने केलेला हा पराक्रम. तरी त्यानंतर सर्वोच्च श्रेणीतील आपल्या स्थानासाठी त्याला झगडावे लागले, आणि २०१९-२० पासून सुपर लीगलाच सर्वोच्च दर्जा मिळाला. २०१८-१९ मध्ये आय-लीगचे सर्व सामने दूरचित्रवाणीवर दाखविले गेले नाहीत, याबद्दल तिच्यातील क्लबांनी उघड नाराजी व्यक्त केली. दाखविणाराच जेथे मालकांपैकी एक असतो तेथे काय दाखवावे याचा निर्णय निव्वळ खेळाच्या गुणवत्तेवर होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. येथे पाठीराख्याची तक्रार भ्रमाची नव्हती. तिला व्यवहाराचा आधार होता.

मराठी वृत्तपत्रांत मौनाचे आणखी एक कारण आहे आणि ते कोणाच्या दुष्टबुद्धीतून आलेले नाही. जिल्हावार आवृत्त्या निघू लागल्यापासून प्रत्येक जिल्ह्याला आपली पाने मिळाली, हा मोठा लाभ झाला. परंतु त्याबरोबर एका जिल्ह्याची बातमी दुसऱ्या जिल्ह्यात जाणे कमी झाले. कोल्हापूरच्या अंकात तालमींच्या सामन्याला ऐसपैस जागा मिळते. तोच अंक नंदुरबारला पोहोचेपर्यंत त्यातून कोल्हापूर गळालेले असते आणि उरतो तो मुंबईचा क्रिकेटपटू. कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा उर्वरित महाराष्ट्रातील अनेकांना प्रथमच कळले असेल की या राज्यात एक अख्खे शहर फुटबॉलसाठी वेडे आहे.

मोजपट्टी हवी

मग पाठीराख्याने करावे तरी काय? हिल्सबरोच्या नातेवाईकांनी उत्तर दाखवून दिले आहे. त्यांनी शोक केला, मोर्चे काढले, बहिष्कार घातला. परंतु अखेर त्यांना न्याय मिळवून दिला तो कागदांनी. भावनेला पुराव्याची जोड मिळेपर्यंत जग त्यांना हट्टी समजत होते.

म्हणून पक्षपाताचा संशय येणाऱ्या प्रत्येकाने आधी मोजणी करावी. एका सामन्याची बातमी घेऊन चालणार नाही. एका हंगामाची कात्रणे हवीत. दोन्ही संघांच्या विजयांना किती जागा मिळाली, पराभवांना किती मिळाली, छायाचित्रे किती, पंचाच्या वादग्रस्त निर्णयांचा उल्लेख कोणत्या संघाच्या बाबतीत झाला आणि कोणाच्या बाबतीत टळला, दंगलीच्या बातमीत एकाच बाजूचे म्हणणे आहे की दोन्ही बाजूंचे, चुकीची दुरुस्ती छापली काय आणि छापली तर कोणत्या पानावर, हे तपासावे. आणि ही मोजणी शक्यतो ज्याला फुटबॉलचे काही सोयरसुतक नाही अशा माणसाकडून करवून घ्यावी. स्वतः मोजले तर प्रिन्स्टनच्या मुलांसारखी आपली मोजपट्टीही वाकडी होण्याचा संभव आहे.

वृत्तपत्रांचेही काही कर्तव्य आहे. पहिल्या पानावर केलेली चूक आतल्या पानाच्या कोपऱ्यात दुरुस्त करणे म्हणजे भर चौकात केलेला अपमान बंद खोलीत मागे घेणे होय. ज्या स्पर्धेचे प्रायोजकत्व वृत्तपत्राकडेच आहे तिची बातमी देताना तसे स्पष्ट सांगावे. गोंधळ झाला तर पोलिसांबरोबरच गॅलरीतील माणसालाही विचारावे, आणि ‘चाहत्यांनी धुडगूस घातला’ असे सरसकट लिहिण्याऐवजी कितीजणांनी काय केले ते लिहावे. यासाठी अधिक पैसा लागत नाही. अधिक पाऊल उचलावे लागते, एवढेच.

शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांना या कामात फार मोठी भूमिका घेता येईल. एका महिन्याचे अंक आणि एक फूटपट्टी एवढ्या साहित्यावर हा प्रयोग नववी-दहावीच्या वर्गात होऊ शकतो. कोणत्या खेळाला किती सेंटिमीटर, मुलींच्या खेळांना किती, आपल्या तालुक्याला किती, याचा तक्ता मुलांनी स्वतः तयार करावा. वर्तमानपत्र कसे वाचावे हे शिकविणारा याहून सोपा धडा नाही.

नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला या विषयात रस वाटण्याचे कारणही येथेच आहे. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. राज्याच्या मोठ्या वृत्तपत्रांत तो बहुधा दिसतो तो कुपोषणाच्या निमित्ताने, किंवा नर्मदेच्या धरणामुळे उठलेल्या गावांच्या निमित्ताने. त्या बातम्या खऱ्या आहेत आणि त्या आल्याच पाहिजेत. पण आपल्याविषयी एवढेच का छापले जाते, ही येथील शिक्षकाची, कारकुनाची आणि विद्यार्थ्याची खंत पेठेतल्या त्या पाठीराख्याच्या खंतीहून निराळी नाही. तिच्यातही भ्रम किती आणि सत्य किती, हे मोजल्याखेरीज कळणार नाही.

मोजणीत तक्रार खोटी ठरली तर मनातील अढी जाईल, आणि तोही लाभच आहे. खरी ठरली तर हातातील तक्ता घेऊन संपादकांना सभ्य भाषेत पत्र लिहावे आणि उत्तर येईपर्यंत ते पुन्हा पुन्हा लिहावे. शिवी देणाऱ्या वाचकाला उत्तर न देता चालते. आकडे देणाऱ्या वाचकाला उत्तर देणे वृत्तपत्राला सहसा टाळता येत नाही.